ऐकू येतं, कळत नाही

तेहतीस वर्षं मी लोकांचे कान तपासले. एवढ्या वर्षांत "मला ऐकू येत नाही" असं स्वतःहून सांगणारा माणूस क्वचितच भेटला. बहुतेकांची तक्रार जगाबद्दल असते. सून तोंडातल्या तोंडात बोलते, टीव्हीवाले भराभर बोलतात, मोबाइलच्या कंपन्या बेकार झाल्यात. एक गृहस्थ तर म्हणाले होते, "मॅडम, इंदौर में अब कोई साफ बोलता ही नहीं." जरा खोदून विचारलं की मग सगळे एकाच वाक्यावर येतात. "ऐकू येतं हो, पण कळत नाही."

पाठ्यपुस्तकात जे समजवायला दोन प्रकरणं खर्ची पडतात, ते या वाक्यात आहे.

माझा पेशा ऑडिओलॉजिस्टचा. स्नेहलतागंजात एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर माझी खोली होती. दुखरे गुडघे घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी पहिला मजला, ही व्यवस्था कोणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. मी डॉक्टर नाही, कानातला मळ काढत नाही, थेंब लिहून देत नाही, हे रोज दोन-तीनदा तरी सांगावं लागे. माझं काम मोजण्याचं. जाड दाराची, आतून स्पंज लावलेली एक केबिन होती. पेशंट तिला "फ्रिज" म्हणत. त्यात माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन आणि हातात बटण द्यायचं. बारीकसा आवाज आला तरी बटण दाबायचं, एवढंच त्याचं काम. एक दुकानदार काका आत बसल्यापासून बटण सोडेचनात. मी दार उघडून म्हटलं, "काका, आवाज आला तरच दाबा." ते म्हणाले, "अहो, तो तर चार वर्षांपासून येतोय. बंद कुठे होतो?" त्यांच्या कानात रातकिडे वाजत होते, आणि हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

तपासणीनंतर एक आलेख निघतो. डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक. वय झालं की बहुतेकांचा आलेख उजवीकडे घसरतो. म्हणजे ढोल ऐकू येतो, पण चिमणी ऐकू येत नाही. बोलण्यात स्वर जाडे असतात, ते कानापर्यंत पोचतात. स, श, फ, थ, ख ही मंडळी बारीक; ती वाटेतच गळून पडतात. म्हणून आवाज येतो आणि शब्द येत नाही. इंदूरच्या घराघरांतलं माझ्या ओळखीचं भांडण यातूनच होतं. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की आजोबा डबा घेऊन दारात हजर, आणि घरातून सून काही म्हणाली की गप्प. मग सून म्हणते, "यांना सोयीचं बरोब्बर ऐकू येतं!" सून खोटं बोलत नाही. आजोबाही ढोंग करत नाहीत.

आज लिहायचं आहे ते कुमुदताईंबद्दल. त्यांच्या घरच्यांना विचारूनच लिहिते आहे, नावं मात्र बदलली आहेत.

सहा-सात वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांचा मुलगा शिरीष त्यांना घेऊन जिना चढून आला. कुमुदताई शहात्तर वर्षांच्या, सडपातळ, कडक इस्त्रीची सुती साडी. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी झालेली. शिरीष कॉलेजात शिकवायचा. आईला खुर्चीत बसवून त्याने फाइल माझ्यासमोर ठेवली आणि तो हळू आवाजात, जवळजवळ माफी मागितल्यासारखा बोलू लागला.

"मॅडम, कानाचं खरं तर काही नाही. आईला भूलने की बीमारी सुरू झाली आहे. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीच लिहिलंय, एकदा कान पण तपासून घ्या. फॉर्मॅलिटी आहे, बस."

"काय विसरतात?"

"सगळंच. काही सांगितलं की दहा मिनिटांनी म्हणते, मला कोणी सांगितलंच नाही. विचारतो एक, उत्तर भलतंच. पहले जैसी नहीं रही. आठ-दहा महिने झाले, घराबाहेर पडत नाही, फोन वाजला तर उचलत नाही. जिने आयुष्यभर फोन उचलले, मॅडम!"

कुमुदताई आमच्याकडे पाहत मंद हसत होत्या. ते हसू मी लगेच ओळखलं. ज्याला संभाषण कळत नाही आणि तसं दाखवायचंही नाही, तो माणूस असाच हसतो.

"डॉक्टरांनी काय विचारलं होतं?" मी शिरीषला विचारलं.

"रूटीन प्रश्न होते. अभी कौन सा साल चल रहा है, असं विचारलं. आई म्हणाली, 'हाल? ठीकच चल रहा है, डॉक्टर साहब.' मला तर तिथेच रडू आलं. मग तीन शब्द लक्षात ठेवायला दिले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. शब्द होते फूल, सेब, थाली. आईने सांगितलं, धूल, जेब, डाली."

मी पेन खाली ठेवलं. "परत सांगा."

"धूल, जेब, डाली. तीनही चूक."

"शिरीषजी," मी म्हटलं, "तीनही बरोबर आहेत. त्यांनी जे ऐकलं, ते पाच मिनिटं जसंच्या तसं लक्षात ठेवलं. चूक झाली असेल तर ती आठवायच्या आधी झाली."

कुमुदताईंना फ्रिजमध्ये बसवणं सोपं गेलं नाही. मी समोर बसून सावकाश म्हटलं, "काकू, कान तपासूया." त्यांनी माझ्या ओठांकडे पाहून ते बरोबर पकडलं आणि ताठ झाल्या. "मी टेलिफोनवाली आहे, मॅडम. दिल्ली-मुंबईच्या लाइनवर खरखर असायची, त्यातून मी माणसांची नावं लिहून घेतलीत. माझे कान खराब होऊच शकत नाहीत." शेवटी शिरीषने हात धरला तेव्हा आत गेल्या. आलेख आला तो नेहमीसारखाच, उजवीकडे घसरलेला, पण घसरण चांगलीच खोल. दोन्ही कान सारखे. समोर बसून, शांत खोलीत, एकाच माणसाशी त्या निभावून नेऊ शकत होत्या. घरात चार आवाज एकत्र आले की नाही.

"म्हणजे आईला ती बीमारी नाही?" शिरीषच्या आवाजात एवढी आशा होती की मला आवरतं घ्यावं लागलं.

इथे मी वाचकांनाही तेच सांगते जे त्याला सांगितलं. कान कमी झाले म्हणजे विस्मरणाचा आजार होणारच, असं नाही. आणि कानाचं मशीन लावलं म्हणजे तो टळलाच, असंही कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण वर्षानुवर्षं कमी ऐकू येत राहिलं आणि त्याचं काही केलं नाही, तर तो धोका वाढतो, असं आता या विषयातले डॉक्टर मानतात. का, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. एक कारण समजायला सोपं आहे. अर्धामुर्धा शब्द आला की उरलेला मेंदूला अंदाजाने भरावा लागतो. दिवसभर कोडी सोडवणाऱ्या मेंदूकडे लक्षात ठेवायला ताकद कुठून उरणार? दुसरं कारण माझ्या मते जास्त वाईट. कोडी सोडवून थकलेला माणूस लोकांत जाणं सोडतो. बोलणं संपतं, चिडवाचिडवी संपते, नवी माणसं संपतात. मेंदूला रोज मिळणारं काम बंद होतं. एकटेपणा तब्येतीला काय करतो, ते सगळ्यांना दिसतं; त्याची सुरुवात कानापासून झाली, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

"आधी नीट ऐकू येऊ दे," मी शिरीषला म्हटलं. "मग डॉक्टरांना परत तपासायला सांगा. काय उरतं ते तेव्हा कळेल."

दहा दिवसांनी दोन्ही कानांना मशीन बसवलं. तीन आठवड्यांनी परत या, असं सांगितलं. तीन आठवडे झाले, चौथा झाला, कोणी आलं नाही. मी फोन केला. शिरीष ओशाळून म्हणाला, "मॅडम, आई लावतच नाही. दोन दिवस लावलं आणि काढून डब्यात ठेवलं. म्हणते, याच्यापेक्षा बहिरी बरी."

हे सगळ्याच ठिकाणी घडतं. डब्यात पडलेली मशीनं इंदूरात किती असतील, याचा विचार मी करत नाही. पण त्या दिवशी फोन ठेवला आणि मला गोरे सर आठवले.

गोरे सर शाळेत गणित शिकवत. माझ्या उमेदीच्या काळात मी त्यांना मशीन बसवून दिलं होतं. ते तक्रार घेऊन आले, की भांडी वाजली तरी डोक्यात घण पडतात. मी हसून म्हटलं, "सर, सवय होईल." आवाज थोडा कमी करून दिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सर परत आले नाहीत, मीही विचारलं नाही. अडीच-तीन वर्षांनी त्यांच्या पत्नी ते मशीन डब्यासकट परत घेऊन आल्या. "कोणा गरजूला द्या. हे काही लावत नाहीत." सर सोबत होते. मी म्हटलं, आलेच आहेत तर तपासून घेऊ. आत बसवलं, हातात बटण दिलं. सरांनी ते बटण उलटसुलट करून पाहिलं आणि मला अदबीने विचारलं, "बाई, हे कशाचं आहे?" मी तीन वेळा समजावलं. तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि परत बटणाकडे बघत बसले. ज्या माणसाने शाळेतल्या कितीतरी पोरांना बीजगणित शिकवलं, तो.

नीट पाठपुरावा केला असता तर सर वाचले असते, असं मी म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण मी त्यांना यंत्र दिलं आणि ऐकायला शिकवलं नाही, एवढं मला नक्की माहीत आहे. इतक्या वर्षांच्या शांततेनंतर मेंदूला एकदम सगळे आवाज दिले, तर तो घाबरणारच. त्याला तासातासाने, खोली-खोलीने परत सवय लावावी लागते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी मी "सवय होईल" म्हणून मोकळी झाले होते.

त्या रविवारी मी चालतच कुमुदताईंच्या घरी गेले. पेशंटच्या घरी जाणं आमच्या कामात बसत नाही. पण घर दोन गल्ल्या सोडूनच होतं.

दार सून रचनाने उघडलं. देवासची मुलगी, माहेर मालवी बोलणारं, मराठी लग्नानंतर शिकलेली. आत टीव्ही चालू, स्वयंपाकघरात कुकर, वर पंखा. कुमुदताई दिवाणाच्या कोपऱ्यात पेपर धरून बसल्या होत्या. रचनाने आतूनच हाक दिली, "मम्मीजी, दिघे मॅडम आल्यात!" दिवाणावर काही हालचाल नाही. मग ती अशी ओरडली की मीच दचकले. कुमुदताईंनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना शब्द कळले नव्हते, सून ओरडली एवढंच कळलं होतं.

रचनाने मला स्वयंपाकघरात नेलं. तिचे डोळे भरले होते. "मॅडम, मी किती ओरडू? मेरा गला बैठ जाता है. शेजारच्या आंटी विचारतात, सासूवर रोज का रागावतेस म्हणून. मी रागवत नाही हो! चहा घेता का, एवढंच विचारायचं असतं. आता मी विचारतच नाही, चहा नेऊन ठेवते."

"बोलणंच कमी केलंस."

"हां. सगळ्यांनीच."

माझ्या पर्समध्ये कानात घालायचे फोमचे बोळे होते. गोंगाटाच्या कारखान्यात कामगार घालतात तसले. मी शिरीषला आणि रचनाला म्हटलं, "हे घाला, वर रुमाल बांधा आणि अर्धा तास नेहमीसारखं वागा. काढायचे नाहीत." त्यांना आधी गंमत वाटली. चहा आला, पोहे आले, टीव्ही चालूच होता. मी मुद्दाम तोंडासमोर कप धरून, कधी पाठ फिरवून बोलत होते. पाच मिनिटं शिरीषने "क्या? काय?" केलं. मग तो हसून नुसती मान हलवू लागला. पंधरा मिनिटांनी त्याने खिशातून मोबाइल काढला आणि खाली मान घालून त्यात डोकं घातलं.

मी त्याचे बोळे काढले. "मोबाइल का काढला?"

"कंटाळा आला यार... सॉरी, मॅडम. काही कळत नव्हतं, तर बसून काय करणार?"

बोलता बोलताच तो थांबला आणि त्याने दिवाणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. पेपर धरून आई बसली होती. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

मग आम्ही घराची रीत ठरवली. बोलायच्या आधी जवळ जायचं आणि त्यांचं लक्ष वेधायचं. तोंड दिसेल असं समोर बसायचं. टीव्ही बंद. ओरडायचं नाही, ओरडल्याने स्वर मोठे होतात, हरवलेले स आणि फ सापडत नाहीत. एकदा नाही कळलं तर तेच वाक्य मोठ्याने म्हणायचं नाही, शब्द बदलून सांगायचं. आणि "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य घरातून हद्दपार. माझ्या अनुभवात, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला याच्याइतकं दुसरं काही लागत नाही. मशीन पहिले आठ दिवस फक्त सकाळी एक तास, शांत खोलीत, रचनाशी गप्पा मारताना लावायचं. कुकर, बाजार, पाहुणे हे सगळं नंतर.

हे सगळं चाललं असताना कुमुदताई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. निघताना त्यांनी मला थांबवलं. शिरीष-रचनाला हातानेच आत जायला सांगितलं, डब्यातून मशीन काढलं, कानाला लावलं आणि म्हणाल्या, "एक विचारू? याच्यावर फोन ऐकू येईल?"

"येईल. सगळ्यात शेवटी येईल, पण येईल. कोणाला करायचा आहे?"

त्यांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग जे सांगितलं, ते त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं.

शारदाजी म्हणून त्यांची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी ऑपरेटर म्हणून लागल्या, शेजारी शेजारी बसल्या, एकत्र निवृत्त झाल्या. शारदाजी परदेशीपुऱ्यात राहायच्या. निवृत्तीनंतर रोज चार वाजता एकमेकींना फोन. वर्षभरापूर्वी शारदाजींचे थोरले भाऊ उज्जैनहून इलाजासाठी त्यांच्याकडे येऊन राहिले होते. एक दिवस चारच्या आधीच फोन आला. शारदाजी घाईघाईत, तुटक बोलत होत्या. कुमुदताईंना नीट ऐकू आलं ते एवढंच: "भैया यहीं रहे."

"मला वाटलं, भाऊ इथेच राहायचं म्हणतायत. मी म्हटलं, 'अरे वा! ये तो बहुत अच्छा हुआ. अब मिठाई खिलाओ.'"

पलीकडून फोन बंद झाला.

"दोन दिवसांनी पेपरात निधनाच्या बातमीत भावाचा फोटो बघितला. ती म्हणाली होती, भैया नहीं रहे."

मी पर्स बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसले.

"त्या दिवसापासून फोनला हात लावला नाही, मॅडम. कोणाचाही असो. परत काही असंच ऐकलं तर? तिला काय सांगू, मला ऐकू येत नाही? मी? पोरं म्हणतात मी विसरते. मी म्हटलं, म्हणू दे. विसरणाऱ्या माणसाला कोणी गुन्हेगार नाही समजत."

म्हणजे या बाईंनी एका आजाराची सावली अंगावर घेतली होती, कारण बहिरेपणापेक्षा तीच त्यांना बरी वाटत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं काही ऐकायला मिळालं नव्हतं.

"फोन नंतर," मी म्हटलं. "आधी भेटायला जाऊ."

पाच आठवडे रचना रोज सकाळी तासभर त्यांच्यासमोर बसली. माझ्या सांगण्यावरून तिने मोठ्याने पेपर वाचायचा आणि कुमुदताईंनी तो ऐकून परत सांगायचा. दोघींना त्याची चटक लागली. मशीनच्या आवाजात मी चार वेळा फेरफार केले. एका दिवशी रचनाने फोनवर मला सांगितलं, "मम्मीजी आज भांडल्या माझ्याशी! म्हणाल्या, तू पेपरातली अर्धी बातमी गाळतेस." एवढी खूश झालेली सून मी क्वचित पाहिली असेल.

मग एका सकाळी आम्ही तिघी रिक्षाने परदेशीपुऱ्यात गेलो. शारदाजींचं घर अरुंद बोळात, तळमजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. कुमुदताईंना पाहिलं आणि त्या दारातच थबकल्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, सगळं रीतीप्रमाणे, पण नजर दुसरीकडे. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुमुद, उस दिन मैंने सबसे पहले तुझे फोन लगाया था. घर में अभी किसी को बताया भी नहीं था. और तूने मिठाई माँगी."

कुमुदताईंनी दोन्ही हातांनी पदर कानांमागे सारला. मशीनं दिसली.

"शारदा, मुझे सुनाई नहीं देता," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही गं. मुझे 'यहीं रहे' सुनाई दिया था. मला वाटलं, भाऊ इथेच राहणार."

माझ्या माहितीप्रमाणे हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

शारदाजींनी त्यांच्या कानांकडे पाहिलं. मग उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि रडायला लागल्या, आणि रडता रडता मध्येच त्यांना हसू फुटलं. "यहीं रहे! पगली! अरे, एक बार पूछ तो लेती." मग भावाचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, कसा ताप चढला, शेवटचं काय बोलले. वर्षभर जे मैत्रिणीला सांगायचं राहिलं होतं, ते सगळं. कुमुदताई त्यांच्या तोंडाकडे पाहत ऐकत होत्या. एक-दोनदा थांबवून म्हणाल्या, "परत सांग." मी आणि रचना बाहेर ओट्यावर येऊन बसलो. रचनाने नाक ओढलं आणि म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं, यांना कोणाशी बोलावंसंच वाटत नाही."

चार महिन्यांनी डॉक्टरांनी परत तपासलं, या वेळी मशीन लावून. साल बरोबर, वार बरोबर, तीन शब्दांपैकी तीन. पण डॉक्टर सरळ माणूस होते. काही गोष्टी थोड्या कमी पडतायत, म्हणाले. विस्मरणाची अगदी हलकी सुरुवात असू शकते, लक्ष ठेवू. शिरीष हिरमुसला. मला ते अपेक्षित होतं. सगळा दोष कानांचा निघाला असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

त्यानंतरची साडेचार वर्षं मात्र त्यांची होती. फोन परत सुरू झाला. मशीन फोनला जोडायची युक्ती त्या नातेवाइकांना मोठ्या तोऱ्यात दाखवत. दर गुरुवारी शारदाजी घरी यायच्या. माझ्या दवाखान्यात नवा पेशंट मशीनला नाही म्हणाला की मी कुमुदताईंना बोलावून घ्यायची. त्या समोर बसून विचारायच्या, "शेवटचं कोणाशी मनापासून बोललात?" बहुतेकांना उत्तर देता यायचं नाही, आणि ते मशीन घालून बघायला तयार व्हायचे. आणि मी एक नियम केला, जो शेवटपर्यंत पाळला: एकट्या पेशंटला मशीन द्यायचं नाही. घरातलं रोज बोलणारं एक माणूस बरोबर हवंच.

पुढे विस्मरण आलंच. आधी गॅस बंद करायचा राहू लागला, मग वार, मग नावं. मी मागच्या वर्षी निवृत्त झाले, त्याच्या थोडं आधी शेवटची त्यांच्या घरी गेले, तो गुरुवार होता. रचना त्यांच्या कानाला मशीन लावत होती. तेवढ्यात शारदाजी आल्या. कुमुदताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण ओळख दिसली नाही. शारदाजींनी मन घट्ट केलेलं असावं. त्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि सावकाश, स्पष्ट म्हणाल्या, "मैं शारदा. कैसी है तू?"

कुमुदताईंनी डोळे मिटले.

"नाव नाही आठवत," त्या म्हणाल्या. "पण आवाज माझ्या माणसाचा आहे. बोलत राहा."

आणि शारदाजी बोलत राहिल्या.